लेथ पाहावे घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तिसरे एक वाक्य घालावे असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. लेथ पाहावे घेऊन! घर बांधताना निदान गवंड्याला बोल लावता येतो, लग्नात व्याह्यांना नावे ठेवता येतात. लेथ घेताना मात्र माणसाची गाठ शेवटी स्वतःशीच पडते.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माणसाने घ्यावे तरी काय? काठी घ्यावी, दातांची कवळी घ्यावी, फार तर चारधामची तिकिटे घ्यावीत. मी लाकूडकामाचे लेथ घ्यायला निघालो. "आता हे कुणासाठी?" असे सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न अगदी साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायला मला चार महिने लागले.

आधी माझा धंदा सांगितला पाहिजे. कासारवाडीला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर माझे वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असे पत्र्याचे शेड आहे. सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन थोड्याच वेळात आमच्या स्टेशनाकडे ढुंकूनही न पाहता मुंबईकडे निघून जाते, तेव्हा आम्ही शेडचे कुलूप काढतो. गावाच्या नावात कासार असला तरी मी पितळेचा माणूस नव्हे, मी लाकडाचा. धंद्याने पॅटर्नमेकर. हा शब्द उच्चारला की नवख्या माणसाला लातूर पॅटर्न आठवतो आणि तो मोठ्या आदराने मला आपल्या मुलाच्या बारावीबद्दल सल्ला विचारतो!

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कोणतीही वस्तू ओतायची झाली, मग ते पंपाचे कवच असो की पट्ट्यावर फिरणारे चाक असो, तर आधी तिची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून बसवायची, ठसा उठला की अलगद बाहेर काढायची आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ही प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. प्रतिकृती म्हटले, तरी ती हुबेहूब असून चालत नाही. बीड थंड होताना आकसते. मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर. पोलाद त्याच्या जवळजवळ दुप्पट आकसते. तेवढे लाकूड आधीच मोठे ठेवावे लागते. त्याकरिता आमच्यापाशी वेगळी पट्टी असते आणि तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा लांब असतो. खोटे माप बाळगले तर वाण्याला शिक्षा होते. आमच्याकडे खोटे माप नसले तर शिक्षा होते. शिवाय पॅटर्न वाळूची कड न मोडता वर निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना अंश-दोन अंशांचा उतार द्यायचा, पुढे यंत्रावर घासायच्या पृष्ठभागाला जास्तीची जाडी ठेवायची. या सगळ्या सुटी जमल्या तर ओतीव बरोबर येते, आणि ते बरोबर आले म्हणजे पॅटर्न कुणी केला होता हे कुणीही विचारत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा आणि त्यांची किर्लोस्करवाडी वसली ती १९१० साली, हे आपण शाळेत शिकतो. पण बिडाचा भाग ओतला जाण्याआधी कुणीतरी तो लाकडात घडवावा लागतो, हे पुस्तकात येत नाही. आमच्या पट्ट्याचेही तसेच झाले. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, पाठोपाठ मोटारींचे, पंपांचे, इंजिनांचे कारखाने आले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मोठ्या कारखान्यांची फाटके हमरस्त्यावरून दिसत. मागच्या गल्लीत सागवानाच्या भुशात बसलेली आमच्यासारखी माणसे दिसत नसत. दिसण्याचे कारणही नव्हते.

आता दिवस पालटले आहेत. बरेच पॅटर्न ॲल्युमिनियमचे होतात; संगणकावर चालणारी यंत्रे रेझिनच्या ठोकळ्यांतून ते कोरून काढतात; एकच नग ओतायचा असेल तर थर्माकोलवरही भागते. तरीही एखाद्या जुन्या पंपाचा भाग फुटतो, तसा नवा बाजारात मिळत नाही, आणि गिऱ्हाईक तो फुटका तुकडा कापडात गुंडाळून आमच्या दारी येते. वस्तू गोल असेल तर लाकूड घेऊन लेथवर चढवणे याहून जवळची वाट मला अजून सापडलेली नाही.

आमचे जुने लेथ बारा इंचांचे. म्हणजे त्याच्या बेडवर बारा इंच व्यासाची वस्तू फिरू शकते. त्याहून मोठे काम आले की मी हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांच्याखाली लाकडी ठोकळे घालून दोन्ही उंच करीत असे आणि भागवीत असे. 'भागवणे' हे क्रियापद मराठीत कुणी आणले कोण जाणे, पण आम्हां लहान कारखानदारांचा सगळा संसार त्यावर उभा आहे!

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. वीस इंच व्यासाचे एक कडे करायचे होते. असे कडे अखंड लाकडाचे करीत नाहीत; लाकूड एका अंगाने जास्त आकसते आणि वर्तुळाचे अंडे होते. म्हणून कमानीसारखे तुकडे कापून, वीट बांधणीतल्यासारखे सांधे चुकवून, थरावर थर चिकटवतात. मग ते लेथवर चढवायचे. आमच्या लेथचा सर्वांत कमी वेग मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचा. लाकूड कातणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे: व्यास इंचांत घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे, आणि गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान ठेवावा. इथे गुणाकार होत होता तेरा हजार. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण पूर्वी कितीदा तरी निभावले होते.

त्या दिवशी निभावले नाही. यंत्र सुरू झाले, वेग घेतला, आणि कड्याचा एक तुकडा सुटून समोरच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पोचा पडला. तो तुकडा जिथून गेला तिथून वीतभर अंतरावर माझ्या पुतणीचे डोके होते.

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. तेव्हापासून ती आमच्याकडेच वाढली. आमचा मुलगा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असतो आणि शेडमध्ये आला की शिंकतो. ही मात्र शाळेतून आली की भुशात बसायची. पुढे आयटीआय झाली आणि गेली सहा वर्षे माझ्याबरोबर काम करते आहे. मी यंत्र बंद केले. माझे हात थरथरत होते. तिने तो तुकडा उचलला, सांध्यावर बोट फिरवले आणि म्हणाली, "काका, आतला सरस अजून ओला आहे." पावसाळी हवेत सांधा वाळायला दोन दिवस द्यावे लागतात. मी एकच दिवस दिला होता. घाई माझी होती, वेगही माझाच होता आणि डोके तिचे होते.

त्या दिवसापासून बारा इंचांवरचे काम मी त्या लेथवर चढवले नाही. पैसे जमवायला वर्ष गेले, आणि यंदाच्या ज्येष्ठात आम्ही दोघे स्थळे पाहायला बाहेर पडलो.

पहिले स्थळ ओळखीतले होते. १९७४ साली, सतराव्या वर्षी, मी ज्या कारखान्यात उमेदवारीला लागलो तो भोसरीच्या बाजूला होता. मूळ मालक केव्हाच गेले होते, मुलांना जागा विकायची होती, आणि आत उरलेल्या सामानात ते लेथ होते. ज्यावर मी शिकलो तेच! मला निरोप आला त्या रात्री झोप लागली नाही. लग्न ठरले त्या रात्रीही मी बऱ्यापैकी झोपलो होतो.

थोरल्या मिस्त्रींनी मला त्या लेथवर शिकवले. मिस्त्री सहा फुटांचे, आवाज मात्र लहान. ते ओरडत नसत. माझ्या हातावर आपला हात ठेवून म्हणत, "आधी पाठ टेकव." म्हणजे असे की हत्याराची धार एकदम लाकडाला लावायची नाही. आधी धारेमागची उतरती पाठ फिरत्या लाकडावर टेकवायची. ती नुसती घासत राहते, कापीत नाही. मग मूठ हळूच उचलायची, की धार आपोआप लाकडात शिरते आणि ढलपी लांब रिबिनीसारखी सुटते. उलट केले तर हत्यार लाकडात रुतते आणि हातातून उसळते. हे एवढेसे वाक्य शिकायला मला पाऊण वर्ष लागले होते.

शेडचे दार उघडले. आत अंधार होता आणि ते होते. पण मला वाटले होते त्याहून लहान! माझ्या मनात ते पन्नास वर्षे आगगाडीच्या इंजिनाएवढे उभे होते. बीड थंड होताना आकसते हे मी जन्मभर मोजत आलो. आठवणीलाही ती सूट धरावी लागते हे त्या दिवशी समजले.

लहान वाटले तरी यंत्र भक्कम होते. टनभर वजनाचा बिडाचा बेड, त्यावर चोवीस इंचांचे काम फिरणारे. हेडस्टॉकच्या मागच्या टोकाला दुसरी फेसप्लेट, तिच्यावर चार फुटांची चकती लावता येई. त्यासमोर हत्यार टेकवायला जमिनीवर ठेवायची वेगळी बिडाची तिपाई. सर्वांत कमी वेग सव्वाशे फेऱ्यांचा. चार फुटी चकतीला अगदी माफक. एवढ्या वजनाच्या यंत्रात लाकूड थोडे वेडेवाकडे असले तरी हादरा उरत नाही, बीड तो पिऊन टाकते. बेअरिंगच्या जागी गनमेटलचे बुश, वर तेलाच्या वाट्या. बुश झिजलेले होते. पण ते भोसरीतला कोणताही चांगला टर्नर दोन दिवसांत नवे करून देईल. किंमत भंगाराच्या भावाने सत्तर हजार. क्रेन आणि नवा पाया यांचे आणखी चाळीस. दोषही होते. वेग बदलायचा तर पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ढकलायचा. ब्रेक नाही, जाळी नाही, बटण दाबल्यावर यंत्र आपल्या मर्जीने थांबणार.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझा उजवा पाय आपोआप जमीन चाचपू लागला. काय शोधतो आहे ते मला क्षणभर कळेना. मग कळले. तो फळी शोधत होता.

ते लेथ पायावर बसवले होते मिस्त्रींच्या मापाने. त्यांच्या कोपराला जुळेल असे. सतरा वर्षांचा मी साडेपाच फुटांहून कमी. म्हणून माझ्यासाठी खाली एक फळी टाकलेली असे. तिच्यावर उभा राहून मी चार वर्षे काम केले. एकदा फळी सरकली आणि हनुवटी टूलरेस्टवर आपटली; तो वण दाढी करताना मला रोज भेटतो.

पुतणी यंत्राभोवती फिरली, बेडवर हात फिरवला, बुश हलवून पाहिले, मग जागेवर येऊन उभी राहिली. ती माझ्याहूनही चार बोटे बुटकी. लेथचा मध्य तिच्या कोपराच्या पुष्कळ वर, जवळजवळ छातीपाशी येत होता. ती काही बोलली नाही.

परतताना रिक्षात म्हणाली, "काका, घ्या तुम्ही ते. तुम्हांला किती आवडलंय!"

"आणि तुझं काय?"

"मी घेईन की फळी पायाखाली. तुम्ही नाही का उभे राहिलात?"

ती हे हसत म्हणाली. मला मात्र नाशिक फाटा येईपर्यंत बोलायला सुचले नाही.

दुसरे स्थळ नवे, पुण्यातल्या एका दुकानात मांडलेले. आम्ही कासारवाडीहून मेट्रोने गेलो. ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी शिवाजीनगरच्या पुढे पोचली. ज्या रस्त्याने मी सायकलवर सागाच्या फळ्या बांधून आणल्या त्याच्या डोक्यावरून आता गारेगार बसून जातो. नवे लेथ दिसायला देखणे होते. बेडवर सोळा इंच. हेडस्टॉक बाजूला वळवला तर तीस इंचांपर्यंत. वेग एका खुंटीवर, मिनिटाला साठ फेऱ्यांपासून तीन हजारांच्या वर, पट्ट्याला हात न लावता हवा तसा. बटण दाबताच थांबणारे. वजन मात्र पावणेतीनशे किलो, म्हणजे आपल्या पहिल्या स्थळाच्या मानाने अगदीच पाप्याचे पितर. किंमत दोन लाख दहा हजार.

विक्रेता माझ्याशी बोलत होता. प्रश्न मात्र पुतणी विचारीत होती. बेअरिंगचा नंबर काय, तो इथे मिळतो का? वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले तर किती दिवस काम बंद? "आठ दिवसांत येईल, ताई," तो म्हणाला. विक्रेत्याचे आठ दिवस म्हणजे काय ते आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहून समजून घेतले. मग तिने चालवून पाहण्याची परवानगी मागितली. एक वेडावाकडा ठोकळा लावला. खुंटी अगदी खाली आणली, यंत्र सुरू केले, ठोकळा थडथडू लागला तसा वेग आणखी उतरवला. कोपरे गेले, गोल झाला, तशी हळूहळू चढवीत गेली. तिने आधी पाठ टेकवली होती. मूठ उचलली आणि ढलपी सुटली. मिस्त्रींना तिने कधी पाहिलेले नाही.

"यंत्र हलकं आहे," ती म्हणाली, "पण खालचं स्टँड पोकळ आहे. त्यात वाळू भरू. वाळूला आपल्याकडे काय तोटा?"

तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. ती मला आधीपासून ठाऊक होती, पण कधी नीट पाहिली नव्हती. लोखंडाचे लेथ आणि लाकडाचे लेथ ही नावाने भावंडे असली तरी स्वभावाने वेगळी आहेत. १८०० सालच्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्लेने आपल्या लेथवर हत्यार पक्के धरणारी सरकती बैठक बसवली. तेव्हापासून लोखंडाच्या लेथवर हत्यार यंत्र धरते आणि माणूस चाके फिरवतो. तिथे माणसाची उंची किती हा प्रश्न दुय्यम. लाकडाच्या लेथवर मात्र आजही हत्यार माणसाच्या मुठीत असते. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचे, एक चित्र कोरलेले आहे. त्यात एकजण दोरी ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. आपल्याकडचे जुने कातारीही असेच काम करीत; एकाने दोरी ओढायची, दुसऱ्याने हत्यार टेकवायचे. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, पोरांचे भोवरे, पाळण्याचे दांडे, पाटाचे खूर, सारे कातकामातून आलेले. दोरी गेली, पट्टा आला. पट्टा गेला, खुंटी आली. हत्यार धरणारा हात मात्र अजून माणसाचाच आहे. तो हात कोपरातून काटकोनात, छातीजवळ न उचलता, बरगडीशी टेकून राहिला तर दिवसभर टिकतो. म्हणून लाकडाच्या लेथचा मध्य कोपराच्या उंचीवर असावा असे म्हणतात. आम्ही दोघे व्यास आणि वजन मोजत बसलो होतो आणि हे माप मोजायचे राहिले होते. पण कोपर कुणाचे?

इतके कळूनही माझे मन त्या जुन्या लेथकडेच ओढ घेत होते. म्हातारपणी माणूस मुद्दे शोधण्यात फार हुशार होतो. मी म्हणालो, नवे यंत्र बिघडले तर कार्डासाठी वाट पाहावी लागेल. जुने कुठेही दुरुस्त होईल. हे खरे होते. मी म्हणालो, चार फुटांचे काम आले तर? हेही खरे होते. सौभाग्यवती तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, चार फुटांचं काम शेवटी कधी आलं होतं?"

मी रागाने कामाची वही काढली. तीन वर्षांत लेथवर केलेली किंवा लेथअभावी परत पाठवलेली सगळी कामे मोजली. एकशे चाळीस भरली. त्यांत सोळा इंचांच्या वरची एकवीस. तीस इंचांच्या वरची दोन. त्या दोहोंपैकी एक आम्ही तुकड्यांत करून हाताने गोल केले होते आणि दुसरे कोल्हापूरच्या एका कारागिराकडून करून घेतले होते. ओतकामाच्या त्या गावात असली कामे करणारे हात अजून पुष्कळ आहेत. चार फुटांचे एकही नव्हते. ते मी पाहिले होते १९७८ साली, मिस्त्रींच्या हाताखाली, एका चाकाच्या पॅटर्नमध्ये. माझ्या धंद्यात त्याची वाट पाहण्यात माझी चाळीस वर्षे गेली होती.

"आणि आणखी एक विचारू?" सौभाग्यवती म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्या घरी लेथ आहे. मी मात्र लाटणं बाजारातून आणते."

यावर मी वही मिटली.

त्या रात्री मी स्वतःला खरे उत्तर दिले. जुने लेथ मला कामासाठी नको होते. मला पुन्हा सतरा वर्षांचे व्हायचे होते, मागे मिस्त्री उभे असायला हवे होते. ही इच्छा वाईट नाही. पण तिच्यासाठी एका पोरीला पुढची वीस वर्षे फळीवर उभे करायचे, हे बरे नव्हे. शिवाय दुसरी एक गोष्ट मी आजवर तोंडाने उच्चारली नव्हती. शेड माझ्यानंतर बंद होईल असे मी धरून चाललो होतो. मुलगा यायचा नाही. आणि पुतणीचे काय, तर ती 'मदतीला' आहे असे मी लोकांना सांगत होतो. सहा वर्षे ती पॅटर्न करीत होती, दोन वर्षे अवघड कामे तीच घेत होती, आणि मी तिला मदतनीस म्हणत होतो. वेगाचा गुणाकार चुकला तेव्हा निदान पत्र्याला पोचा पडला. हा हिशेब चुकत होता त्याचा आवाजही झाला नाही.

सकाळी मी तिला म्हणालो, "नवं घेऊ. पण पावती तुझ्या नावाने."

ती बराच वेळ ब्रशने बेडवरचा भुसा झाडीत राहिली. मग म्हणाली, "काका, मग हप्तेही माझ्या नावाने." ती माझ्या भावाची मुलगी शोभते, त्यालाही कुणाचे फुकट चालत नसे.

जुन्या लेथचा निरोप घ्यायला मी एकटाच गेलो. भंगारवाल्याची गाडी यायची होती. मी त्याच्यापाशी फक्त ती बिडाची तिपाई मागितली, आणि तो भंगाराच्या भावाने द्यायला तयार झाला. नव्या लेथचा हेडस्टॉक वळवून तीस इंचांचे काम करायचे तर समोर हत्यार टेकवायला काहीतरी जड लागणारच होते. बाकीचे यंत्र गाडीत चढले. वाईट वाटले, नाही कसे? पण बीड भट्टीत गेले म्हणून संपत नाही. वितळून पुन्हा कशाच्या तरी साच्यात ओतले जाईल, आणि तो साचा एखाद्या पॅटर्नमेकरच्या हातचा असेल.

नवे लेथ आले ते नवरात्रात. बसवायला आलेल्या कामगाराने खालचे पाय फिरवत विचारले, "उंची कुणाच्या मापाने ठेवू?" मी पुतणीला समोर उभे केले, तिला कोपर दुमडायला सांगितले आणि म्हणालो, "हिच्या." स्टँडमध्ये वाळू भरली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली, यंत्राला झेंडूची माळ घातली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले लाकूड चढवले. ते कुठल्याही कारखान्याचे नव्हते. शिसवाचा एक तुकडा मी कित्येक वर्षे राखून ठेवला होता. तिने त्याचे काकूसाठी लाटणे केले. दोन्ही टोकांना निमुळते, मधे किंचित भरलेले. दिवाळीच्या करंज्या त्यावरच लाटल्या गेल्या आणि त्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या, असा सौभाग्यवतींचा दावा आहे.

मीही त्या लेथवर रोज थोडे काम करतो. ते माझ्या कोपरापेक्षा चार बोटे खाली आहे, त्यामुळे जरा वाकून उभे राहावे लागते. संध्याकाळी कंबर धरते. परवा पुतणीने ते पाहिले आणि म्हणाली, "काका, पाय वर करून घेऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

मी तिला म्हटले, राहू दे.